अंजिराचं झाड आणि बाबांचा कोट

कायद्याची तोंडी परीक्षा कशी द्यावी, हे इटलीतल्या अख्ख्या बोलोन्या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल! एकच परीक्षा तिसऱ्यांदा देत होतो मी. आमच्याकडे ती भरल्या वर्गात होते. मागे बसून ऐकायला कुणालाही मुभा. दोन्ही वेळा झानारिनीबाईंनी सगळ्यांदेखत माझी सालटी काढली होती. त्या कडाडल्या की माझे कान लाल होतात आणि पुढचं काहीही ऐकू येत नाही.

बाबांनी बजावलं होतं, "नेरिओ, यंदा पडलास तर सोमवारपासून दुकानात उभा राहून मोर्तादेल्ल्याचे काप करायचे!" मोर्तादेल्ला, म्हणजे आमच्याकडचा डुकराच्या मांसाचा जाडजूड सॉसेज, मला खायला आवडतो. कापायला नाही.

पण यंदा माझ्याकडे हुकमी युक्ती होती. बाबांचा लग्नातला काळा कोट! एवढ्या रुबाबदार माणसाला कोण नापास करेल?

थाटात वर्गात शिरलो. बाई पुढच्या टेबलाशी एकाला सोलत होत्या. ते बघूनच घशाला कोरड पडली. कोपऱ्यातल्या टेबलावर पाणी होतं. ते टेबल बाईंच्या सहायकांचं, तेही परीक्षा घेतात, पण ते कॉफीला गेलेले. खुर्चीत टेकलो, पेला तोंडाला लावला, तोच एका मुलीनं समोर बसून आपली गुणांची वही पुढे सरकवली.

"मिरेल्ला गार्डिनी. पुढचा नंबर माझाच. विचारा, सर!"

"अहो, मी सर नाही..."

"विचारा हो लवकर! पाठ केलेलं उडून चाललंय!"

म्हटलं, बिचारीला एक प्रश्न विचारून धीर द्यावा. आणि खरं सांगू? 'सर' ऐकून बरं वाटलं! मला प्रश्न येत होता एकच, ज्यावर दोनदा आपटलो होतो तो.

"काकानं अंजिराची बाग पुतण्याच्या नावे केली, पण हयातभर उपभोग दिला काकूला. वादळात एक झाड पडलं. लाकूड कोणाचं?"

"काकूचं! पण त्या जागी तिनं नवं झाड लावायचं."

असं आहे होय! पहिल्या खेपेला मी पुतण्याचं म्हणालो होतो, दुसऱ्या खेपेला वखारवाल्याचं.

"छान! तीसपैकी चोवीस."

"चोवीस?" ती ताडकन उठली. "एक चूक नाही आणि चोवीस? नकोत मला! नाकारते मी!"

गुण नाकारायचा हक्क आहे आमच्याकडे. पण इतक्या मोठ्यानं? झालं! बाई चष्मा सावरत आल्या.

"आपण कोण?"

"मी... पाणी प्यायला आलो होतो."

"अरे, हा तर वखारवाला!" सगळा वर्ग खो खो हसला. "परीक्षा घ्यायची हौस आहे ना? चल, आता दे! लाकूड कोणाचं?"

मोर्तादेल्ला डोळ्यांपुढे गरागरा फिरला. डोळे मिटून ओरडलो, "काकूचं! पण त्या जागी तिनं नवं झाड लावायचं!"

पुढचे दोन प्रश्न मी लंगडत पार केले.

"अठरा. पास, पण अगदी काठावर," बाई म्हणाल्या. "घेतोस की..."

"घेतो! घेतो!"

सुटलो बुवा! मिरेल्लालाही बाईंनी तीसपैकी तीस दिले. बाहेर येऊन मी तिचे हातच धरले. "तुमच्यामुळे वाचलो! उत्तर काय चोख पाठ होतं!"

"असणारच. बाईंनी एका मुलाला त्यावरून दोनदा झापलं, तेव्हा मागच्या बाकावर बसून मी सगळं उतरवून घेतलं होतं."

"अहो, तो मीच! मग मला ओळखलं कसं नाही?"

"चेहरा कुठं दिसला? पाठ होती माझ्याकडे!" ती हसायला लागली. "मगाशी तुम्ही बाईंसमोर बसलात ना, तेव्हा मागून बघितलं आणि म्हटलं, अगं बाई, हे तर ओळखीचे लाल कान!"