एका ओळीत चाळीस गावं

"निलम्माक्का, चाळीस गावांची यादी करायला तुम्हाला चार दिवस लागतात. मी एका ओळीत करतो. एका!" प्रशांतकुमारनं बोट वर करून सांगितलं.

दोघं कामाला होते ती संस्था म्हाताऱ्यांना महिन्याची औषधं पोचवायची. लॅपटॉपवर प्रत्येक गावाचं फोल्डर, आणि प्रत्येक फोल्डरात दोन फायली, 'मयत' आणि 'हयात'. वर्षभरात गेलेल्यांची नावं संतपूरच्या श्रद्धांजली सभेत वाचायची होती. पठ्ठ्यानं लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर लूप लिहिला, म्हणजे तेच काम चाळीस वेळा करणारा एका ओळीचा हुकूम. एकेका फोल्डरात शिर, फाईल उचल, मोठ्या यादीच्या शेपटाला जोड! फक्त फायलीचं नाव 'मयत' लिहायचं तिथं कंटाळा करून त्यानं * ही चांदणी ठोकली. चांदणी म्हणजे दिसेल ती फाईल घे!

"अडीचशे?" कागद बघून निलम्मा दचकली. "एवढी माणसं गेली व्हय रे?"

"म्हातारी माणसं, अक्का. उन्हाळा बी कडक होता."

सभेला आणि नंतरच्या जेवणाला गावोगावची म्हातारी माणसं आली; चिंचेखाली सतरंज्या गच्च भरल्या. प्रशांतकुमारनं माईक धरला. पहिलं गाव चिंताकी. पहिल्या दोन नावांना कुणीतरी डोळे पुसले.

"सुशीलाबाई."

तिसऱ्या रांगेतून एक वाळकी म्हातारी हात जोडून उठली. नात्यातली असेल, त्याला वाटलं.

"प्रभुलिंग."

काठी टेकत एक म्हातारा उठला.

"व्यंकट. चांगुणाबाई."

आणखी दोघं! नाव पुकारलं की एक जण उभा. सगळे नुसते त्याच्याकडं बघत उभे. चिंचेचं पान हलेना. प्रशांतकुमारला थांबायचं भ्या वाटत होतं. मसणवट्याजवळनं सायकल हाणावी तसा तो नावं हाणत सुटला.

"बाळा," सुशीलाबाईंनी हळूच विचारलं, "मी कवा गेले? सकाळी तर भाकरी थापल्या की!"

"मला बी कुणी सांगितलं न्हाई," प्रभुलिंग म्हणाले. "आता बसायचं कुठं? हिकडं का तिकडं?"

निलम्मानं झडप घालून कागद ओढला. "अरे, ह्यांना तर मी काल गोळ्या दिल्यात! दोन्ही फायली जोडल्यास व्हय रे?"

चांदणी! प्रशांतकुमारच्या डोळ्यांपुढं ती लख्ख चमकली.

"माफ करा! चूक माझी हाय!" तो माईकमध्ये ओरडला. "जे जित्ते हायत, त्यांनी खाली बसा!"

सगळे बसले.

एक सोडून. पाठीमागं, झाडाच्या बुंध्याला लागून, पांढऱ्या धोतरातले हळ्ळीखेडचे निंगप्पा उभेच. पापणी लवत नव्हती.

"अप्पा... बसा की."

निंगप्पा हलले नाहीत. दोनशे माणसांनी माना वळवल्या. पुढची रांग गुडघ्यांवर सरकत मागं हटली.

"अक्का," प्रशांतकुमार पुटपुटला, "हे कोणत्या फायलीतले?"

"भैरा हाय रे त्यो!" निलम्मा कडाडली. "सगळे उठले, म्हणून उठला. जेवायला वाढायलेत, असं वाटलं असंल त्याला!"