यादीभाऊंची बेगमी

"उद्या जगबुडी आली तरी आपल्या घरात महिनाभर चूल पेटेल," असं यादीभाऊंनी बायकोला ठणकावून सांगितलं. तेही हात आखडून केलेल्या खर्चात. प्रत्येक कामाआधी यादी करायची खोड असल्यामुळे इमारतीने त्यांना हे नाव बहाल केलं होतं. मागच्या वर्षी पूल बंद पडून गावात माल आला नाही, तेव्हा नवरा-बायकोने दोन दिवस शिळा पाव साखर लावून खाल्ला होता. तो अपमान यादीभाऊ विसरले नव्हते. त्यांनी कोटांचं कपाट रिकामं केलं आणि दाराच्या आतल्या बाजूला एकतीस जिन्नसांची यादी डकवली. वर ठळक अक्षरांत लिहिलं : 'कुणालाही सांगू नये.' कळलं तर अडचणीच्या वेळी अख्खी इमारत दारात उभी राहील, हा त्यामागचा दूरदर्शी विचार!

खर्च भागवायला ते बस सोडून पायी कचेरीत जाऊ लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात चेपलेले डबे एका टोपलीत निम्म्या किमतीला मिळत. टोपलीत बहुधा बीटच असे.

"आणखी एखादा चेपलेला निघेल का?" यादीभाऊंनी एकदा हळूच विचारलं.

दुकानदाराने त्यांच्या झिजलेल्या बुटांकडे पाहिलं. "भाऊ, नोकरीचं सगळं ठीक ना?"

गुपित फुटेल या भीतीने यादीभाऊ म्हणाले, "वेळ काही सांगून येत नाही."

एवढं पुरलं. दुकानदाराच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दोनच दिवसांनी दाराच्या कडीला कुणीतरी तांदळाची पिशवी अडकवून गेलं. मग तळमजल्यावरच्या शिवणमावशी मसूर घेऊन आल्या. दिवसभर मशीनवर वाकून लोकांचे कपडे उसवणाऱ्या-शिवणाऱ्या मावशींची पिशवीही उरलेल्या कापडांच्या तुकड्यांचीच होती. "जास्तीचं झालंय, खराब व्हायच्या आत घ्या," त्या म्हणाल्या. शेजारधर्म म्हणून यादीभाऊंनी घेतलं आणि यादीत टीक मारली.

समोरच्या कवायतमास्तरांनी मात्र तेलाचा डबा देताना खांद्यावर हात ठेवला. "खचू नका. दुसरी नोकरी मिळेल."

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. खरं सांगून टाकावं म्हणून यादीभाऊंनी तोंड उघडलंही. पण यादीत अजून अकरा जिन्नस बाकी होते. त्यांनी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. पुढच्या आठवड्यापासून ते कोपराला भोक पडलेला स्वेटर घालून जिना उतरू लागले. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होतीच, टीक मारताना जरा कमी वाटायची, इतकंच.

बायको इस्पितळात परिचारिका. दमून घरी आली की कपाट उघडून बघत राहायची. "अहो, एवढ्याशा पैशांत?"

"नियोजन," यादीभाऊ म्हणायचे.

आणि पूल पुन्हा बंद पडला. तिसऱ्या दिवशी बायको घरात शिरली, ती शिवणमावशी आणि मास्तरांना घेऊनच. "मावशींच्या घरात सकाळपासून काही शिजलं नाहीये, आणि आपलं कपाट भरलेलं! म्हटलं, चला, ह्यांचं नियोजन बघा तरी. पगार तेवढाच, पण महिन्याची बेगमी केलीय." यादीभाऊ आडवे येईपर्यंत तिने कपाट उघडलंसुद्धा.

"पगार?" मास्तर म्हणाले. मग त्यांना आपला तेलाचा डबा दिसला. त्याला त्यांच्याच शिट्टीची लाल दोरी बांधलेली होती. मावशींना रंगीबेरंगी पिशवी दिसली. दोघांनी यादी वाचली, टिकांसकट. धरणी पोटात घेईल तर बरं, असं यादीभाऊंना वाटलं. धरणी जागची हलली नाही.

शेवटी मावशीच बोलल्या. "अगं, माझ्याकडे उंदीर फार. म्हणून मीच ठेवायला दिलं होतं."

मास्तरांनी घसा खाकरला. "माझंही तसंच."

"आणि मग ह्यांचं काय आहे यात?" बायकोने विचारलं.

"बीट," यादीभाऊ म्हणाले.

मावशींची पिशवी खाली पोहोचवायला ते स्वतः गेले. फळीवर मिठाची बरणी होती, बाकी फळी पुसल्यासारखी स्वच्छ. या घरात 'जास्तीचं' कधी आणि किती होत असेल, ते त्यांना तिथे कळलं.

"मावशी, मला फार लाज वाटते."

"वाटायलाच हवी," मावशी म्हणाल्या आणि मसूर निवडायला बसल्या.

संध्याकाळी त्याच मसुराचं पातेलं घेऊन त्या वर आल्या. "जास्तीचं झालंय, खराब व्हायच्या आत घ्या." बायको यादीभाऊंशी बोलत नव्हती, पण जेवत होती.

पातेलं त्यांनी स्वतः घासलं. रिकामं कसं परत करायचं, म्हणून कपाट उघडलं, आणि जे होतं ते त्यात ठेवून खाली गेले.

मावशींनी बिटाचा डबा फिरवून पाहिला. "चेपलाय की हो."

"हो," यादीभाऊ खाली बघत म्हणाले, "पण हा मी विकत घेतलाय."