अण्णांची पेरूतली विहीण

कळंबला नामदेव अण्णांच्या गिरणीत ज्वारी घेऊन गेलात, तर ते डबा काट्यावर ठेवून "ऊनो, दोस, त्रेस" असे किलो मोजतील. गिरणी घरघरायला लागली की सदुसष्ट वर्षांचा हा माणूस त्या आवाजावर ताण करून स्पॅनिश क्रियापदं घोकतो. "गिरणी चालू असली की चूक कुणाला ऐकू येत न्हाय," हे त्यांचं कारण. दमले की स्वतःलाच "पोको आ पोको" म्हणतात. म्हणजे हळूहळू.

गिऱ्हाइकंही तयार झाली आहेत. परवा एक बाई आभार मानत म्हणाली, "ग्रासियास, अण्णा. पर पीठ जाडं दळलंय बघा."

"ते स्पॅनिशमंदी सांग, मंग परत दळतो."

इंग्रजीवर त्यांचा राग. "गुरुजी, इंग्रजीत विहिणीला शब्द हाय का? न्हाय! स्पॅनिशमंदी हाय. कोन्सुएग्रा! नाती कळत्यात त्यांना."

गुरुजी म्हणजे मी. अण्णांचा एकुलता मुलगा विकास माझा विद्यार्थी. नोकरीसाठी तो दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गेला आणि तिथल्या डोंगरातल्या क्वेचुआ समाजाच्या मुलीशी त्याने लग्न केलं. अण्णा सल्ला विचारायला माझ्याकडे आले. मी म्हणालो, "त्याचा फोन उचलू नका. बापाचा अबोला पोराला सोसवत नाही. येईल परत."

अण्णांनी गुरुजींचा शब्द पाळला. फोन आधी रोज वाजे, मग आठवड्याला, मग सणावारी. सव्वा वर्षाने एक फोन आला. नंबर अनोळखी होता, म्हणून अण्णांनी उचलला. विकासची गाडी तिकडच्या घाटात दरीत गेली होती.

त्यानंतर वर्षभर मी गिरणीची पायरी चढलो नाही. तयार पिठाच्या पिशव्या आणू लागलो. अण्णा मोबाइलवर स्पॅनिश शिकताहेत हे ऐकून लोक म्हणाले, डोक्यावर परिणाम झाला. मीही मान हलवली.

मग वेळ अमावस्येला अण्णा स्वतःच दारात आले. त्या दिवशी आमच्याकडे सगळे शेतात जातात, काळ्या आईची पूजा करतात आणि आरोळी देत, पळत ज्वारी-ताकाची आंबील रानभर शिंपडतात. "चला गुरुजी, आंबील प्यायला. आन् एक काम बी हाय."

दिवस कलला. तिकडे उजाडलं असेल असा हिशेब करून अण्णांनी फोन लावला. पडद्यावर गोल टोपी घातलेली, दोन वेण्यांची म्हातारी आली, अण्णांची विहीण. विकास तिच्याच घरात राहायचा. तिची मायबोली क्वेचुआ. स्पॅनिश तीही बाजारहाट करता करता शिकलेली.

"ती अडखळती, मी अडखळतो. मंग लई ग्वाड जमतं," अण्णा म्हणाले. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि एक वाक्य सावकाश म्हटलं. मग माझ्याकडे न बघता मराठीत सांगितलं, "विकास माझ्यावर रागावून गेला का, ते इचारलं."

म्हातारी बोलू लागली, आणि अण्णा तुकड्यातुकड्याने सांगू लागले.

"रागावला हुता म्हनं. फोन ठिवला की भाईर जाऊन बसायचा... त्यांच्यात बी जमीन म्हंजी आईच. मक्याचं आंबट पेय करत्यात, पयला घोट भुईला... विकासनं ते पाह्यलं आन् रडला. मंग गाडगं घिऊन रानभर पळाला. 'ओलगे ओलगे, सालम पलगे' वरडत. म्हणला, माझा बाप असाच पळतो... आता समदी वस्ती तसंच वरडती म्हनं. आर्थ ठावं न्हाय कुनाला."

"अर्थ आपल्याला तरी कुठं ठाऊक आहे?" मी कसंबसं म्हणालो.

अण्णा हसले.

म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवून काही विचारलं. अण्णांनी उत्तर दिलं तशी तिने टोपी काढली आणि मला हात जोडले.

"काय सांगितलंत?"

"विकासला ह्यांनी शिकीवलं, म्हणलं."

मला ते हात सोसवेनात. "अण्णा, 'माझं चुकलं' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? मला तिला सांगायचंय."

अण्णांनी उपरण्याने फोनची काच पुसली.

"ते माझ्या वाटणीचं हाय, गुरुजी. फोन म्या न्हाय उचलला. तुमी दुसरं कायतरी शिका."

आणि ते फोन उंच धरून विहिणीला ज्वारी दाखवायला बांधावरून चालू लागले.