दाब, धर, सोड

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात आणि ती एकमेकांशी बोलणारी असावी लागतात. यातली पहिली अट सुताराच्या अंगणात पूर्ण झाली होती. सुतार हातात पाना घेऊन पिकअपखाली उताणा पडला होता आणि त्याची बायको वर स्टिअरिंगमागे, पेडलवर पाय ठेवून बसली होती. दुसऱ्या अटीचं मात्र आदल्या रात्रीच बिनसलं होतं.

गाडी बहुतेक वेळा बायकोच चालवायची. सुतार खिडकीशी बसून, मागचं फर्निचर खरचटत तर नाही ना, एवढं बघायचा. आदल्या रात्री जेवताना ब्रेक नीट लागत नसल्याचा विषय निघाला, तेव्हा त्यानं छातीठोकपणे निदान केलं, की ही गाडी चालवत नाही, ब्रेकवर उभी राहते. एवढ्यावर थांबला असता तर निभावलं असतं. पण समोरचे चष्मेवाले काका नेमके पेचकस परत करायला आले होते, आणि ऐकणारं माणूस मिळालं की सुताराला चेव यायचा. "चूक माझी निघाली, तर यापुढं मी मागे सामानात बसेन," तो म्हणाला. बायकोनं ताटं उचलली. तेव्हापासून ती नवऱ्याशी बोलली नव्हती.

आणि काम तर आज व्हायलाच हवं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं कपाट संध्याकाळपर्यंत पोचवायचं होतं. जुनं कपाट त्यांनी आधीच काढून टाकलं होतं, कपडे पेशंटच्या खुर्चीवर रचले होते आणि आज तुमचं कपाट आलं नाही तर दुकानातून मागवते, असं अगदी गोड आवाजात कळवलं होतं. सुताराला त्या गोड आवाजाची धास्ती होती. हिरडीत सुई टोचण्याआधी बाई तशाच बोलत.

शेवटी दारात मटार सोलत बसलेल्या आईला मध्ये घेण्यात आलं.

"आई, तिला सांग, दाब."

"दाब म्हणतोय गं."

"दाबलंय म्हणावं."

"दाबलंय म्हणते. चेहरा किती उतरलाय रे पोरीचा."

"आई, चेहरा राहू दे. धरून ठेव म्हण."

काम तसं सोपं होतं. पेडल दाबलेलं असताना चाकामागचं निपल, म्हणजे तेल सोडायचा छोटा नट, सैल करायचं, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे, निपल आवळायचं आणि मगच पाय उचलायचा. आधी उचलला, तर गेलेली हवा पाहुण्यासारखी सामानासकट परत. पण आईला दर वेळी ओरडायचा कंटाळा आला. तिनं सगळे निरोप एकत्र करून टाकले. "आधी दाब, मग धर, मग सोड म्हणतोय," असं तिनं एका दमात सुनेला सांगितलं आणि ती मटारांकडे वळली. सुनेनं ते एका दमात केलं. तेल सुताराच्या कपाळावर आलं आणि पेडल पहिल्यापेक्षा मऊ झालं.

मग सुनेनं सासूमार्फत हॉर्नचा मार्ग सुचवला. सुतारानं गाडीच्या पत्र्यावर पाना एकदा वाजवला की दाबायचं, दोनदा वाजवला की सोडायचं, आणि तिनं तितकेच हॉर्न देऊन पोच द्यायची. ही पद्धत उत्तम चालली. फक्त चष्मेवाल्या काकांची मोटार फाटकासमोर उभी होती. पहिला हॉर्न ऐकून ते झोपेतून उठून आले आणि त्यांनी मोटार पुढे घेतली. मग दोन हॉर्न झाले, तेव्हा जास्तच पुढे आली असेल म्हणून मागे घेतली. असं बराच वेळ चाललं. शेवटी मोटार फाटकात आडवी सोडून ते आत आले आणि नक्की कुठं लावू ते एकदाच सांगा म्हणाले. आईनं त्यांना सगळी हकिकत सांगितली. काकांनी खुर्ची ओढून घेतली.

हवा निघाली, तरी पेडल खालीच जात होतं. सुतार उलट खूश झाला. मागच्या चाकांच्या ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे लायनर संपले असणार हे त्यानं ओळखलंच होतं, नवे आणूनही ठेवले होते. मागची दोन्ही चाकं काढून त्यानं ड्रम उघडले. लायनर नखाएवढे पातळ झाले होते. त्यातला एक त्यानं काकांच्या चष्म्यासमोर धरला.

"बघा. हा पायाचा पराक्रम."

बायको गाडीतून उतरली.

"आता पुढचं चाक काढा," ती थेट त्यालाच म्हणाली. मटार सोलायचे थांबले.

सुतारानं पुढचं चाक काढलं. तिथले ब्रेकचे पॅड चांगले जाडजूड होते.

"पायाचा ब्रेक कुठल्या चाकांना लागतो हो?"

"चारही चाकांना."

"जास्त जोर कुठं?"

"पुढे."

"आणि हँडब्रेक?"

सुतारानं पाना उगाच फडक्यानं पुसला. "मागे," तो म्हणाला.

मागे एकदा उतारावर गाडी जराशी सरकली होती, तेव्हा त्यानंच हँडब्रेकची केबल अशी आवळली होती, की डोंगरावर उभी केली तरी हलणार नाही. तेव्हापासून मागचे लायनर ड्रमला चिकटून घासत होते. जळका वास यायचा, त्याचा आळ तो काकांच्या स्वयंपाकावर घ्यायचा.

पण सुतार कसबी होता. फळी तिरकी कापली गेली की ती सरळ आहे म्हणून भांडण्यात अर्थ नसतो. त्यानं केबल सैल सोडली, नवे लायनर बसवले, ड्रम आणि तिन्ही चाकं चढवली. मग तो खालून लायनर ड्रमजवळ आणत गेला आणि बायको हातानं चाक फिरवत राहिली.

"घासतंय?"

"जरासं."

"आता?"

"नाही. बास."

केबल त्यानं सगळ्यात शेवटी, बेताची ओढली. "मला आता कोणी विचारत नाही," असं म्हणून आई आत गेली.

कपाट चढवून, दोरीनं पक्कं बांधून सुतार आपल्या खिडकीच्या जागेकडे आला, तर तिथं आई बसलेली. साडी बदललेली, मांडीवर पर्स. आजवर तिला दोघांच्या मधे, गुडघ्यांत गिअरचा दांडा धरून बसावं लागायचं.

"मागे सामानात, असे शब्द होते," काकांनी खुर्चीतून आठवण दिली.

सुतार निमूट मागे चढला. गाडी निघाली आणि फाटकाशी येताच काकांची आडवी मोटार पाहून बायकोनं ब्रेक दाबला. पिकअप खिळा ठोकल्यासारखी जागच्या जागी उभी राहिली. कपाट तसूभर हललं नाही, कारण ते सुतारानं बांधलं होतं. सुताराला कोणी बांधलं नव्हतं. तो सरकत थेट केबिनच्या मागच्या खिडकीला जाऊन टेकला.

काच सरकली. "ब्रेक कसे लागतायत, ही विचारतेय," आई म्हणाली.

"छान लागतायत म्हणावं."

आई सुनेकडे वळली. "छान लागतायत म्हणतोय. माझं चुकलं, असंही म्हणतोय."

सुतार असं काहीच म्हणाला नव्हता. पण त्यानं निरोप दुरुस्त केला नाही. तो कपाटाला पाठ लावून नीट बसला. पुढून हॉर्न वाजला आणि काका मोटारीची चावी शोधायला धावले.