सोमवारचा खजूर आणि रोज्याचा खजूर

अधिक महिना मध्ये आल्यामुळे त्या साली श्रावण आणि रमजान एकाच चंद्राला लागले आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या ग्राहक भांडाराचे मॅनेजर सोपानराव यांना अक्कल सुचली. कमिटीला न विचारता त्यांनी खजुराचे भलेमोठे पोते मागवले. चेअरमन सर्जेरावांनी पोत्याभोवती एक फेरी मारली.

"हवा पावसाळी हाय. खपलं तर बरं, न्हाईतर मॅनेजरकी दुसऱ्याकडं."

सोपानरावांनी घाईघाईने एक डबा भरून त्यावर पाटी लावली, 'उपवासाचा खजूर'. श्रावणी सोमवारी भागुबाई आल्या आणि पाटी वाचून खूश झाल्या. त्यांच्यामागे त्यांच्या शेजारीण हमीदाबी होत्या. त्या मात्र पिशवीची घडी घालू लागल्या.

"ह्यो तर तुमच्या उपवासाचा. रोज्याचा न्हाई ठेवला?"

"ठेवलाय की! वेगळा मागवलाय," सोपानरावांच्या तोंडून निघून गेले. ते आत गेले आणि त्याच पोत्यातून दुसरा डबा भरून, 'रोज्याचा खजूर' अशी पाटी लावून बाहेर आले. स्वतःच्या हुशारीवर ते बेहद्द खूश होते.

ही खुशी फार टिकली नाही. भागुबाईंनी दुसऱ्या डब्यात डोकावून पाहिले.

"ह्यो बरा चकाकतोय! त्येंना ताजा आन् आमाला गेल्या सालचा व्हय?"

"आन् तुमचा बघा की केवढा टपोरा! आमच्याच नशिबी बारका?" हमीदाबी म्हणाल्या.

मग दोघींना मिळून तराजू एकच कसा, हा प्रश्न पडला. सोपानरावांनी उजवे पारडे उपवासाला आणि डावे रोज्याला दिले. लगेच रांगेतून कोणीतरी डावे पारडे हलके असल्याचे जाहीर केले. नीट तुलना करावी म्हणून दोघींनी दोन्ही डबे एकदमच स्वतःकडे ओढले, आणि दोन्ही कलंडले. फळीवर खजुराचा एकच ढीग झाला.

"आता वळखायचा कसा?"

"चव घेऊन!" सोपानराव म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

हमीदाबींना सूर्य मावळेपर्यंत पाणीही चालत नव्हते. भागुबाईंची अडचण वेगळी होती. "उपवासाचा निघाला तर ठीक. रोज्याचा निघाला तर माझा सोमवार मोडंल, त्येचं काय?"

रांगेतही कोणाचा सोमवार, तर कोणाचा रोजा. शेवटी पार्सल ऑफिसचे ज्ञानदेव उभे होते.

"भाऊ, तुमचा काय?"

"आमी बौद्ध, ताई. आमाला सोमवार न्हाई आन् रोजाबी न्हाई. मी साबण न्यायला आलोय."

"मग तुमीच चाखा!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

सोपानरावांना घाम फुटला. ते एकुलते एक पोते गाडीतून उतरल्यावर याच ज्ञानदेवांनी त्यांच्या ताब्यात दिले होते. ज्ञानदेवांनी एकदा सोपानरावांकडे पाहिले, एकदा ढिगाकडे पाहिले आणि एक खजूर तोंडात टाकून डोळे मिटले.

"उपवासाचा."

सोपानरावांचा जीव भांड्यात पडला. ज्ञानदेवांनी दुसरा खाल्ला. "रोज्याचा." तिसऱ्याला वेळ लागला. "ह्यो जरा अवघड हाय. असलाच अजून एक खाऊन बघतो."

सगळी वाटणी होईपर्यंत दोन ढीग खजुराचे झाले आणि तिसरा, चांगला मोठा, बियांचा. पण इतका पारखून दिलेला माल म्हटल्यावर रांगेने तो हातोहात उचलला आणि अर्धे पोते रिकामे झाले.

संध्याकाळी सोपानराव शीळ घालत वसाहतीतून घरी निघाले होते. कुंपणावरून भागुबाई एक ताटली पलीकडे देत होत्या. "हमीदाबी, घ्या, रोजा सोडा." पलीकडून तशीच ताटली अलीकडे आली.

"अहो, तो उपवासाचा! आणि हा रोज्याचा!" सोपानराव ओरडले.

"मग? त्येंचा त्येंच्याकडं हायच की. शेजारणीला आपल्यातलंच द्यायचं असतंय," भागुबाई म्हणाल्या.

आपण दिवसभर नक्की काय केले, हे सोपानरावांना काही केल्या समजेना. दुसऱ्या दिवशी भांडार उघडले तेव्हा दोघी दारात हजर होत्या.

"सोपानराव, त्येंचाच खजूर लई ग्वाड निघाला. फुडच्या सोमवारपासनं मला रोज्याचा द्या," भागुबाई म्हणाल्या.

"आन् मला उपवासाचा," हमीदाबी म्हणाल्या.

"अहो, तो एकाच..." सोपानरावांनी वाक्य अर्ध्यावर गिळले. अर्धे पोते अजून आत होते.

दोघींच्या मागे ज्ञानदेव उभे होते. आज त्यांना साबणही नको होता.

"पाट्या बदलायच्या म्हंजी आधी नीट खात्री केलेली बरी," असे म्हणून त्यांनी डब्यात हात घातला.