मुठीच्या तांदळातला फोन

लोनप्पनचा फोन पेजेत पडला तेव्हा त्याच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्यात फोन, आणि डोळे त्रिशूरच्या पूरम उत्सवातल्या हत्तीवर. हत्तीने सोंड वर केली, लोनप्पनने चमचा समजून फोन कलता केला, आणि हत्ती सोंडेसकट गरम पेजेत गेला.

त्याने फोन काढून लुंगीला पुसला. पडदा काळाठिक्कर. ओला फोन कसा वाळवायचा हे विचारायला त्याने सवयीने तोच फोन डोळ्यांसमोर धरला, आणि मग तो खरा घाबरला.

सून जिन्सी आतल्या खोलीत होती. पण तिला हाक मारायची सोय नव्हती. "अप्पच्चन, जेवताना तरी तो फोन बाजूला ठेवा," हे ती सासऱ्याला रोज सांगायची. तिच्याआधी त्याची बायको त्रेस्या सांगायची. त्रेस्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. पण लोनप्पनचा फोन वाजला की घंटी वाजत नसे, तिचा आवाज येई. नवरा घंटीला दाद देत नाही म्हणून तिनेच एकदा वैतागून तो भरून ठेवला होता: "अहो, फोन उचला. माझं नाही, निदान त्याचं तरी ऐका."

हा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. "माझ्या फोनमध्ये घेऊन ठेवते," असं जिन्सी कितीदा म्हणाली होती. "घेऊ सावकाश," असं लोनप्पन तितक्यांदा म्हणाला होता.

ओला फोन तांदळात पुरतात, एवढं त्याला आठवलं. डब्यातला तांदूळ तळाला गेला होता. पण चुलीशेजारी त्रेस्याचं मडकं होतं. भात शिजवण्याआधी दर वेळी मूठभर तांदूळ त्यात टाकायचा आणि महिनाअखेर तो चर्चला द्यायचा, ही रीत जिन्सीने चालू ठेवली होती. लोनप्पनने फोन तळापर्यंत खुपसला, वरून तांदूळ सारखा केला, छातीवर क्रूस काढला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी, महिन्याच्या शेवटच्या रविवारी, त्याला जाग आली तेव्हा ऊन खाटेवर आलं होतं. गजर फोनमध्ये होता आणि फोन मडक्यात. मडकं मात्र जागेवर नव्हतं. जिन्सी ते घेऊन चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला, रविवारच्या प्रार्थनेला, गेली होती.

तो धापा टाकत चर्चच्या अंगणात पोचला तोवर मिस्सा संपून लिलाव सुरू झाला होता. लोकांनी वाहिलेले कोंबडे, फणस, केळीचे घड चर्चचा सेवेकरी देवस्सी तिथेच पुकारून विकत होता. घरोघरचे मुठीचे तांदूळ एका पोत्यात ओतून त्याचं तोंड शिवलं होतं.

"जिन्सी, मडकं कुठंय?"

"ओतलं की. का?"

त्याने कानात सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मग देवस्सीला सांगा ना, पोतं उसव म्हणून."

"देवाला दिलेलं परत मागू?"

खरं कारण पलीकडे भिंतीला टेकून उभं होतं. त्याचं नाव औसेप. हा लोनप्पनचा शेजारी, त्याला चेट्टा म्हणजे दादा म्हणणारा. मागे भर प्रार्थनेत औसेपच्या फोनने सिनेमाचं गाणं लावलं, तेव्हा लोनप्पननेच सभेत उठून नियम करून घेतला होता: चर्चच्या आवारात ज्याचा फोन वाजेल त्याने वर्षभर वेदीच्या मेणबत्त्या पुरवायच्या. पहिला मान औसेपला मिळाला होता.

"तांदळाचं पोतं," देवस्सीने पुकारलं. "कोण बोलतो?"

लोनप्पनने इतक्या घाईने बोली लावली की औसेपने मान वर केली.

"चेट्टा, घरात माणसं दोन. पोतंभर तांदूळ कशाला?"

"भूक वाढलीय."

"मग माझीही वाढली," म्हणत औसेपने बोली चढवली.

लोनप्पनने चढवली. औसेपने आणखी चढवली. भाव दुकानातल्या तांदळाला मागे टाकून गेला, मग बिर्याणीच्या तांदळाला. लोक कोंबडे सोडून पोत्याभोवती जमले. वेळ बघायला लोनप्पनचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. पण वेळ त्याला ठाऊक होती. मिस्सेनंतर दुबईहून मुलाचा फोन येई. बाप पहिल्यांदा कधीच उचलत नाही, अशी त्याची दर रविवारची कुरकुर असे. आता फोन मेला असला तर सगळंच गेलं, आणि जिवंत असला तर चारचौघांत अब्रू गेली. देवाकडे नक्की काय मागावं तेच लोनप्पनला ठरवता येईना.

जिन्सीने पर्स झटकली. "अप्पच्चन, आता एवढेच."

त्याने शेवटची बोली लावली. औसेपने त्याच्याही वर बोली लावली.

"एक वार. दोन वार. तीन वार. पोतं औसेपचं."

लोनप्पन पायरीवर मटकन बसला. अब्रू गेली खड्ड्यात, वाजू दे, एवढंच तो देवाला म्हणाला.

औसेपने पोत्यावर हात ठेवला. तेवढ्यात आतून, घसा बसल्यासारखा, पण सगळ्या अंगणाला ओळखू येणारा आवाज आला. "अहो, फोन उचला. माझं नाही, निदान त्याचं तरी ऐका."

दोन बायकांनी क्रूस काढला. औसेपने हात मागे घेतला. "ही तर त्रेस्याताई," तो हळूच म्हणाला. त्याने एकदा लोनप्पनच्या तोंडाकडे पाहिलं, पोत्याची दोरी ओढली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"फोन कुणाचा?" देवस्सीने विचारलं. "आवारात वाजलाय."

लोनप्पन हात वर करू लागला.

"पोतं कुणाचं?" औसेप म्हणाला.

"तुझं."

"मग आतलं सगळं माझं. मेणबत्त्या तशाही मीच आणतोय, आणू आणखी एक वर्ष." त्याने फोनला चिकटलेली शितं आणि तांदूळ नखाने काढले आणि फोन पुढे केला. "घ्या चेट्टा. तांदूळ मात्र मिळणार नाही. इतका महाग भात आमच्या घरात कुणी खाल्लेला नाही."

लोनप्पनच्या हातात फोन पुन्हा बोलू लागला. पडद्यावर मुलाचं नाव होतं.

"अप्पच्चन, उचला ना," जिन्सी म्हणाली. "पहिल्यांदा वाजला की तुम्ही कधीच का उचलत नाही?"

"उचलला की ती बोलायची थांबते," लोनप्पन म्हणाला.

फोन बोलून बोलून थांबला.

"लावेल तो पुन्हा," औसेप म्हणाला, आणि लोनप्पनसाठी जागा ठेवून आपल्या पोत्यावर बसला.