चोरांनी संपर्क साधू नये

माझ्यावर कोणी कसलाही आरोप करावा, पण मला कोणी फसवलं असं आजवर कोणालाही म्हणता आलेलं नाही. कुलपं आणि तिजोऱ्या विकणाऱ्या माणसानेच जगावर विश्वास ठेवला, तर त्याने विकायचं काय? दूधवाल्याने न मागता माप जास्त घातलं तर मी आधी दूध हुंगतो. शेजाऱ्याने "काय, बरं आहे ना?" विचारलं की मी "का?" असं विचारतो. आमचे वडील म्हणायचे, ज्या दिवशी जग सुधारेल त्या दिवशी आपण उपाशी. मी त्यांचाच मुलगा.

तर जग काही सुधारलं नाही, तरीही आम्ही उपाशी राहायची वेळ आली. लोक कुलपंसुद्धा घरबसल्या फोनवरून मागवायला लागले. शेवटी मुलाने एक दिवस विषय काढलाच.

"बाबा, वर्षअखेरपर्यंत बघू. नाहीतर गाळा शेजारच्या चपलांच्या दुकानाला भाड्याने देऊन टाकू."

ज्या गाळ्यात माझ्या वडिलांच्या तिजोऱ्या उभ्या राहिल्या, तिथे चपला मांडणार! पण सूनबाई मध्ये पडली. ती एका कंपनीत इंटरनेटवरच्या जाहिरातींचं काम करते. "एक संधी द्या की त्यांना," असं तिने नवऱ्याला सांगितलं आणि कामाला लागली. दुकानाची वेबसाइट झाली. सोशल मीडियावर पेज झालं. कुलूप, तिजोरी असं काही कोणी शोधलं की आमचं नाव सगळ्यात वर यावं, अशी जाहिरातही झाली.

"म्हणजे वाट्टेल तो येणार?" मी विचारलं.

"नाही बाबा. नुसती गर्दी काय कामाची? ज्याला खरंच गरज आहे तोच आला पाहिजे. क्वालिटी ट्रॅफिक म्हणतात त्याला."

हे मला फार पटलं. दुकानात येणाऱ्याकडे बघून कोणाला "या" म्हणायचं आणि कोणाला "काय हवंय?" म्हणायचं, हे मी आयुष्यभर ठरवत आलोय. पोरीला माणसांची पारख आहे, असं मी आमच्या हिलाही सांगितलं.

मग सूनबाईने माझ्या फोनवर एक पान उघडून दिलं. आपल्याकडे येणाऱ्या माणसाने काय टाइप करून शोधलं, ते तिथे दिसतं म्हणे. ती ऑफिसला गेली आणि मी चष्मा लावून बसलो.

पहिलीच ओळ वाचून माझ्या हातातला चहा बशीत सांडला. 'कुलूप चावीशिवाय कसं उघडायचं.' खाली, 'तिजोरी आवाज न करता उघडणे.' त्याखाली, 'हातोडीने कुलूप तुटतं का.' आणि एका सद्गृहस्थाने तर 'बायको यायच्या आत कपाट कसं उघडावं' असं विचारलं होतं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्ही पदरचे पैसे खर्चून शहरातल्या झाडून सगळ्या चोरांना आमंत्रण देत होतो!

सूनबाईला सांगायची सोय नव्हती. बिचारी किती उत्साहाने करत होती. वेबसाइटमध्ये बदल कसा करायचा ते तिने मला शिकवलं होतं, म्हणून मी गुपचूप कामाला लागलो. आधी पेजवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'चोरांनी संपर्क साधू नये.' मग चौकशीच्या फॉर्ममध्ये प्रश्न घातले. कुलूप कोणाचं आहे? तुमचंच कशावरून? मालकाला कळवलं आहे का? नसल्यास का नाही?

दुसऱ्या दिवसापासून शुकशुकाट. एक फॉर्म येईना. सूनबाई चक्रावून गेली. "बाबा, लोक येतात, फॉर्मपर्यंत पोचतात आणि पळून जातात. असं का होत असेल?"

"मनात पाप असेल," मी म्हणालो.

आणि मग एकाने फॉर्म पुरा भरून पाठवला. कुलूप कोणाचं? 'साहेबांचं.' मालकाला कळवलं आहे का? 'नाही.' का नाही? 'कळता कामा नये.' खाली फोन नंबर.

इतका प्रामाणिक चोर मी जन्मात पाहिला नव्हता. मी लगेच फोन लावला. पलीकडून एक माणूस तोंडावर हात ठेवून बोलत असावा.

"कपाट उघडायचंय. साहेब दुपारनंतर असतात, उद्या सकाळीच या. गाजावाजा नको."

"पत्ता?"

"पत्ता नको. मोठ्या पाण्याच्या टाकीपाशी थांबा. मी येऊन तुम्हाला मागच्या दाराने आत घेतो."

"आत काय आहे?"

तो जरा घुटमळला. "किमती माल आहे हो. पण आपला नाही."

मी गोड आवाजात "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि दुकान बंद करून तडक पोलीस ठाणं गाठलं. चोर आयता पकडून दिला की पेपरात नाव, दुकानाचं नाव, झालंच तर फोटो. चपलांचा धोका कायमचा टळणार होता.

ठाण्यातले मोठे साहेब भारदस्त निघाले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, एका हवालदाराने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. साहेब म्हणाले, "नंबर आहे ना? लावा इथूनच. आवाज मोठा ठेवा."

मी नंबर लावला. रिंग वाजली. माझ्या फोनमध्ये वाजली आणि शेजारच्या टेबलाजवळही वाजली.

पाण्याचा ग्लास ठेवणारा हवालदार खिशावर हात दाबून उभा होता. त्याचा चेहरा ग्लासातल्या पाण्याइतकाच बेरंग झाला होता.

सगळं बाहेर आलं. जप्तीचा माल ठेवायच्या कपाटाची चावी त्याच्या हातून हरवली होती. साहेबांना कळायच्या आत उघडून घ्यावं, म्हणून बिचाऱ्याने फोनवर शोधलं आणि आमची जाहिरात सापडली.

"आणि साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सगळ्या चौक्यांची कुलपं बदलायला चांगलं दुकान बघ, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी यांचंच नाव सुचवणार होतो."

मी खुर्चीतच विरघळलो. शहरातल्या सगळ्या चौक्यांचं काम! सूनबाई म्हणत होती तसलं अस्सल गिऱ्हाईक माझ्या दारात आलं होतं, आणि मी त्याला त्याच्याच साहेबांपुढे उभं केलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

अजूनही काही वाचलं तर वाचवावं म्हणून मी उठलो. "साहेब, कपाट दाखवा. एका पैचाही मोबदला घेणार नाही." खिशातली तार काढली, कानोसा घेतला, मनगट जरासं फिरवलं. दार उघडलं.

टाळ्या पडतील असं वाटलं होतं. पण साहेब कपाटाकडे बघत होते, मग माझ्याकडे बघायला लागले.

"कुठलंही कुलूप उघडता?"

"कुठलंही," मी छाती काढून म्हणालो.

"चावीशिवाय?"

"हो ना."

"आणि तार नेहमी खिशात असते?"

इथे मला पाणी कुठेतरी मुरतंय असं वाटलं, पण उशीर झाला होता. माझं नाव, पत्ता, बोटांचे ठसे आणि तारेसकट फोटो घेऊन त्यांनी मला सोडलं.

संध्याकाळी पोलिसांच्या पेजवर माझा फोटो झळकला. 'नागरिकांनो, सावध राहा. या गृहस्थांनी आमचं कपाट डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडलं. त्यांचं दुकान बाजारपेठेत आहे.'

मी पांघरूण घेऊन पडलो. सूनबाईला सगळं कबूल केलं. ती रागावली नाही, डोकं धरून हसत बसली.

"अहो बाबा, ज्याची चावी हरवते तोच आपल्याला शोधणार ना? चोराला जाहिरात कशाला लागते?"

तेवढ्यात फोन वाजला. मग पुन्हा वाजला. मग थांबेचना. फोटो घराघरांत पोचला होता, आणि शहरात दाराबाहेर अडकलेली इतकी माणसं असतील याची मला कल्पनाच नव्हती. महिनाभरात मुलाने चपलांच्या दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. त्या दिवशी मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन थोडा रडलो, ते कोणाला सांगू नका.

आता कामाला तोटा नाही. फक्त मी कोणाच्याही घरी गेलो की आधी एक आजोबा कपाटासमोर खुर्ची टाकून बसतात. काकू गळ्यातलं काढून आत ठेवून येतात. काम झालं की पोरं माझ्यामागे गेटपर्यंत येतात, ती प्रेमाने येत नाहीत. परवा एका बाईंनी विचारलं, "पिशवी जरा उघडून दाखवता का?" मी दाखवली. मीसुद्धा तेच विचारलं असतं.

पण आपलं घर ते आपलं घर, असं म्हणत मी काल घरी आलो. आमच्या कपाटाला नवं कोरं कुलूप होतं.

"हे कुठलं ग? आपल्या दुकानातलं नाही वाटत."

"नाहीच," ही म्हणाली. "तुमच्या दुकानातली तुम्हाला उघडता येतात."